घ्यायला कुणी येऊ नका

मी तिसरीपर्यंत शिकलो. तिसरीची परीक्षा राहिलीच, कारण त्या दिवसांत खळं चालू होतं आणि घरात माणूस कमी होतं. तरी मला वाचता येतं, लिहिता येतं, आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द मी परत गिळत नाही. गावात मला हेकट म्हणतात. म्हणू द्या. सत्तरी पार केलेल्या माणसानं हेकट नाही व्हायचं तर कुणी व्हायचं.

मी सहजी कशानं थक्क होत नाही. चंद्रावर यान उतरलं तेव्हा गावच्या पोरांनी मला टीव्हीपुढं बसवलं. मी बघितलं, चांगलं झालं म्हणालो, आणि म्हशीला पाणी पाजायला गेलो. पण दोन वर्षांमागं दिवाळीच्या सुटीत, भर दुपारी रस्त्याच्या मोरीवर बसून मी जे बघितलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. ते लिहून ठेवतो.

आमचं गाव रेणापूर तालुक्यात. डांबरी रस्त्यावर फाटा, फाट्यापासून आत दोन किलोमीटर गाव. मुलगा लातूरला एका दाळमिलच्या ऑफिसात कामाला. सूनबाई उदगीरची. त्यांना एकच लेकरू, मुलगी. त्या वर्षी ती अकरा वर्षांची, सहावीत.

मी लातूरला गेलो की दोन दिवसांत बेजार होतो. घर चांगलं आहे, नळाला पाणी आहे, तक्रार नाही. पण त्या कॉलनीत लेकरं दिसत नाहीत. लेकरं आहेत, प्रत्येक घरात आहेत, पण सकाळी व्हॅन दारात येते, लेकरू आत जातं, संध्याकाळी व्हॅन दारात येते, लेकरू घरात जातं. फाटकाला कडी, कडीला कुलूप, वर कॅमेरा. आणि मोबाइलवर सगळ्या कॉलनीचा एक ग्रुप. त्यात रोज कुणीतरी काहीतरी टाकणार. कुठं लेकरू पळवलं, कुठं चॉकलेट देऊन नेलं. कुठलं गाव, कधीची गोष्ट, कुणाला ठाऊक नाही. पण वाचलं की सूनबाई उठून फाटकाची कडी बघून येते.

एकदा मी नातीला म्हणालो, "जा गं, कोपऱ्यावरून काडीपेटी घेऊन ये."

दुकान घरातून दिसतं. ती फाटकापाशी जाऊन उभी राहिली आणि मागं वळून म्हणाली, "आबा, मी एकटी कधीच गेलेली नाही."

घाबरून म्हणाली नाही. आपण म्हणतो ना, मी कधी समुद्र बघितला नाही, तसं म्हणाली. दहा वर्षांची पोर. मी म्हणालो, जा. ती गेली. परत आली तेव्हा काडीपेटी दोन्ही हातांत धरून आली, जसा काही त्यात दिवा पेटलेला आहे. तेवढ्यात सूनबाई भाजी घेऊन आली. मला काही बोलली नाही, मोठ्यांपुढं ती बोलत नाही. रात्री मुलगा बोलला.

"दादा, काळ बदललाय."

"काळ बदलला तर दुकान लांब गेलं का?"

"तुम्हाला समजायचं नाही."

ते मला लागलं. तिसरी शिकलेल्या माणसाला हे वाक्य लई वेळा ऐकावं लागतं.

मीही एक खरं सांगतो. मी नऊ वर्षांचा असताना दोन बैलं घेऊन एकटा रानात जायचो, आणि हे मी पोरांना दहादा ऐकवलेलं आहे. पण मला ती मोकळीक कुणी दिली नव्हती. मी मागितलीही नव्हती. घरात माणूस नव्हतं म्हणून मला हाकललं. रडत गेलो होतो. ते मात्र मी कुणाला ऐकवलं नव्हतं.

नातीचं वेगळं झालं. तिनं मागितलं.

दिवाळीला सगळे गावाकडं आले होते. भाऊबीज झाली, मुलाची सुटी संपली, ते लातूरला परत निघाले. नातीची शाळा उघडायला अजून पंधरा दिवस होते. तिला पुन्हा गावाला यायचं होतं. गाडीत बसताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आबा, शुक्रवारी मी परत येते. एसटीनं. एकटी. तुम्ही पप्पांना विचारा."

"मी विचारू? तू विचार की."

"मी विचारलं तर नाही म्हणतील. तुम्ही विचारलं तर भांडतील. भांडण झालं की मग काहीतरी ठरतं."

एवढ्या पोरीला घरातली ही रीत कळली होती. मी विचारलं. भांडण झालं.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. लातूरला बारावीच्या क्लासला पोरं राहतात, आसपासच्या गावांची. मेसचं जेवण पचत नाही, परवडतही नाही. म्हणून घरून डबा जातो. सकाळी सातची एसटी फाट्यावर थांबते, बायाबापे पिशव्या घेऊन उभे असतात. प्रत्येक पिशवीला जुन्या लुगड्याची वेगळी चिंधी बांधलेली, म्हणजे ओळखू येते. पिशवी डायव्हरच्या बाजूला, इंजिनच्या झाकणावर ठेवायची. लातूरच्या स्टँडवर पोरं येऊन आपापली चिंधी बघून उचलून नेतात. दुपारच्या त्याच गाडीनं आदल्या दिवसाचे रिकामे डबे परत येतात. ह्याला पावती नाही, नोंद नाही. एकच नियम. डबा हातात घ्यायला माणूस असेल तर उतरायचा. माणूस नसेल तर डबा गाडीतच राहतो, गाडीबरोबर पुढं शेवटच्या गावाला मुक्कामी जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. रस्त्यावर कुणी डबा ठेवून जात नाही.

माझ्या मुलानं दोन वर्षं असाच डबा खाल्लेला. म्हणून मी म्हणालो, "तुझा डबा दोन वर्षं एकटा गेला. एकदा तरी हरवला का?"

"दादा, डबा हरवला तर दुसरा करता येतो."

पण मी गप्प बसणारा नाही. म्हणालो, "मग तिला काय जन्मभर पदरात बांधून ठेवणार हाय का? तिचं लग्न झाल्यावर तू व्हॅन लावणार का?"

नांदेडला माझी लेक असते. भावानं तिला फोन लावला, तिनं मला लावला. "दादा, तुम्हाला काय झालंय? मी तुम्हाला एक व्हिडिओ पाठवून राहिले, तो बघा आधी."

"माझ्या फोनवर व्हिडिओ दिसत न्हाई."

"मग ऐका तरी."

"ऐकून काय करू? तू दहा वर्षांची असताना नदीवर एकटी धुणं घेऊन जात होतीस."

"तवा नदीला लोक असायचे, दादा."

तीही खोटं बोलली नाही. आता आमच्या नदीवर कुणी नसतं. घरोघरी बोअर झाले.

शेवटी दोन दिवसांनी मुलगा फोनवर हो म्हणाला, पण अट घातली. एकदाच. काही म्हणता काही इकडचं तिकडं झालं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही, आणि तिनं गावाला यायचं ते आमच्याबरोबर, आमच्या गाडीत, आमच्या सुटीत. त्यांची सुटी म्हणजे वर्षातून चार दिवस. म्हणजे ह्या एका फेरीवर तिचं सगळं गाव पणाला लागलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझी नातही.

तो तिला मोबाइल देणार होता. तीच नको म्हणाली. "मग तुम्ही दर पाच मिनिटांनी फोन कराल आणि सगळ्या गाडीला कळेल की मी घाबरते." ठरलं असं की मुलगा तिला लातूरच्या स्टँडवर गाडीत बसवणार, ती फाट्यावर उतरून चालत घरी येणार, आणि माझ्या फोनवरून पोचल्याचं कळवणार. मला तिनं फोनवर बजावलं, "आबा, घ्यायला यायचं नाही. फाट्यावर यायचं नाही. वाटेत भेटायचं नाही. घरीच बसायचं. आजीलाही सांगा."

"बरं."

"शप्पथ?"

"मी शब्द दिला की शप्पथ लागत न्हाई."

असं मी बोललो. आणि गुरुवारी सकाळी सातच्या गाडीला फाट्यावर जाऊन डायव्हरच्या खिडकीपाशी उभा राहिलो.

डायव्हर ओळखीचा. कैक वर्षं ह्याच रस्त्यावर आहे. मी म्हणालो, "उद्या दुपारच्या गाडीला माझी नात बसंल लातूरहून. एकटी हाय. जरा बघा."

"काका, फिकीर करू नका. डब्यासारखी आणतो."

"तिला सांगू नका मी बोललो म्हणून."

"हाव."

मी घरी येऊन म्हातारीला काही सांगितलं नाही. मला वाटलं, मी मोठा हुशार. पोरीची हौस पण होईल आणि डोळाही राहील.

शुक्रवारी साडेअकराला घरात बसवेना. म्हातारी सोयाबीन पाखडत होती. म्हणाली, "कुठं निघालात?"

"बांधावर चक्कर मारतो."

"बांध फाट्याकडं कधीपासून गेला?"

मी चपला पायात सरकवल्या आणि निघालो. फाट्याच्या अलीकडं दोनशे पावलांवर एक तुरीचं रान आहे. तूर फुलावर होती, कमरेच्या वर गेलेली. तिच्या कडेला चिंचेखाली बसलो. तिथून फाटा दिसतो आणि फाट्यावरून तिथला माणूस दिसत नाही. शब्द मोडला असं मला वाटलं नाही. मी फाट्यावर नव्हतोच ना.

आमच्या गावची क्लासची पोरं दिवाळीला घरीच, त्यामुळं डबे घ्यायलाही फाट्यावर कुणी नव्हतं. सव्वाबाराला गाडी आली. थांबली. एक बाई उतरली, डोक्यावर पोतं. कंडक्टर दारात आला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, आत वळून काहीतरी बोलला. मग दार लागलं. डबल बेल झाली आणि गाडी निघून गेली.

फाट्यावर ती बाई पोतं सावरत उभी. दुसरं कुणी नाही.

मी चिंचेखालून उठलो ते आठवतं. तुरीतून कसा बाहेर आलो ते आठवत नाही. बाईला विचारलं, "गाडीत पोरगी होती का? अकरा वर्षांची?"

"होती की, काका. म्होरं बसली होती, डब्यांपाशी. उतरत होती. कंडक्टर म्हणला, घ्यायला माणूस न्हाई, कसं उतरवू. ती म्हणली, मला घ्यायला कुणी येणारच न्हाई. त्यो म्हणला, मग बस खाली, मुक्कामाला गेल्यावर बघू."

तेव्हा मला समजलं. डायव्हरनं माझं ऐकलं होतं. पुरतं ऐकलं होतं. डब्यासारखी आणतो म्हणाला होता आणि त्यानं डब्याचा नियम पाळला. त्यात त्याची काडीचीही चूक नव्हती. मी आधी पोरीवर विश्वास ठेवला नाही म्हणून डायव्हरला सांगितलं. मग विश्वास ठेवलाय असं दाखवायला तुरीत लपलो. दोन्हीतलं एकच काहीतरी केलं असतं तर ती उतरली असती.

मुक्कामाचं गाव तिथून चौदा किलोमीटर. मधे एक थांबा आहे, तीन किलोमीटरवर, वस्तीपाशी. बाकी रान. मी रस्त्यानं चालायला लागलो. गाडीच्या मागं माणूस चालत जाऊन काय होणार, पण थांबणंही होईना. गुडघा दुखतो माझा. रस्त्याच्या अर्ध्या भागावर लोकांनी सोयाबीन वाळत घातलेलं, त्याच्या कडेकडेनं चालत होतो. दिवाळीनंतरचं ऊन, पण डोकं भाजत होतं. किलोमीटरभर गेलो असेन. तिथं मोरी आहे, ओढ्यावरचा बारका पूल, तिच्या कठड्यावर बसावं लागलं.

आणि फोन वाजला. मुलाचा. मी नुसता बघत राहिलो. बंद झाला. पुन्हा वाजला, सूनबाईचा.

"मामा, पोचली का?"

मी आयुष्यात सुनेशी खोटं बोललो नव्हतो. तिच्या स्वैपाकाला बरं म्हणायचं असतं तेव्हासुद्धा नाही. पण खरं सांगितलं की संपलं. तिची एसटी संपली, गाव संपलं, आणि मी म्हातारपणी एकदा बरोबर ठरायचं तेही संपलं.

"हाव," मी म्हणालो. "आली."

"द्या ना तिला."

"आजीकडं गेली. नंतर लावतो."

फोन खिशात ठेवला. मी त्या कठड्यावर बसून राहिलो आणि माझ्या डोक्यात एक विचार आला, तो कधी आला नव्हता. ह्या घडीला जगात कुणालाच ठाऊक नाही की ती कुठं आहे. तिच्या बापाला वाटतं, ती माझ्या घरी. म्हातारीला वाटतं, वाटेत. मला ठाऊक नाही. अकरा वर्षांत असा एक क्षण तिच्या वाट्याला आला नसेल. जन्मल्यापासून कुणाचा ना कुणाचा डोळा तिच्यावर, नाहीतर कॅमेऱ्याचा. आता कुणाचाच नाही. आणि तरी ती कुठंतरी आहेच. श्वास घेतेय, काहीतरी बघतेय, काहीतरी ठरवतेय. मला वाटायचं, लेकरू म्हणजे आपण बघतो म्हणून असतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. अर्धा तास असेल, जास्त असेल. एक ट्रॅक्टर गेला, एक मोटरसायकल गेली. मग रस्ता जिथं जरा वर चढतो, तिथं एक ठिपका दिसला.

आधी वाटलं बाई आहे, कारण डोक्यावर ओढणी होती. मग चाल दिसली. पाठीवर दप्तर, हातात एक काडी. रस्त्याच्या उजव्या कडेनं चालत होती, समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून. मी तिला ओळखलं, आणि उठून पळत जावं असं वाटलं, आणि उठलो नाही. का उठलो नाही ते सांगतो.

ती हरवलेल्या लेकरासारखी चालत नव्हती. हरवलेलं लेकरू मी बघितलंय, बाजारात, जत्रेत. ते सगळीकडं बघतं आणि कुठंच बघत नाही. ही बघत होती. सोयाबीनपाशी थांबली, वाकली, चार दाणे उचलले, एक दातानं फोडून बघितला, बाकीचे परत टाकले. एक बाई पायानं सोयाबीन फिरवत होती, तिच्याशी काहीतरी बोलली. बाईनं हातानं इकडं दाखवलं. हिनं मान हलवली, जशी माझी म्हातारी हलवते. पुन्हा चालायला लागली. तिच्या मागं पुढं सगळं रान, वर एवढं आभाळ, आणि त्या सगळ्याच्या मधून ती जणू स्वतःच्या घराच्या सोप्यातून चालत यावी तशी येत होती.

ही पोर माझी नव्हती. म्हणजे माझीच होती, रक्ताची. पण मी जिला ओळखत होतो, व्हॅनमधून उतरून व्हॅनमधे बसणारी, ती ही नव्हती. ही कुणीतरी होती. मी तिला पहिल्यांदा बघत होतो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण पुसायला घेतलं असतं तर तेवढा वेळ ती दिसली नसती.

वीस पावलांवर आल्यावर तिनं मला बघितलं. थांबली.

"आबा. तुम्ही शब्द दिला होता."

"फाट्यावर आलो न्हाई मी. ही मोरी हाय."

ती हसली नाही. माझ्या शेजारी कठड्यावर बसली, बाटली काढून मला पाणी दिलं. मी प्यालो. मग म्हणाली, "डायव्हर काकांना तुम्हीच सांगितलं ना?"

"हाव."

"मला वाटलंच. त्यांनी मला रिकाम्या डब्यांशेजारी बसवलं."

"उतरवलं कुठं तुला?"

"पुढच्या थांब्यावर. मी कंडक्टर काकांना तिकीट दाखवलं. म्हटलं, हे फाट्यापर्यंतचं आहे. तुम्ही मला पुढं नेताय म्हणजे मी विनातिकीट होते. तिकीट तपासायला साहेब चढले तर दंड मला करणार का तुम्हाला?"

"मग?"

"ते डायव्हर काकांकडं बघायला लागले. डायव्हर काका म्हणाले, हिच्या आजोबांनी डब्यासारखी आण म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, डब्याला तिकीट नसतं, मला आहे."

मी बाटलीला झाकण लावून ती तिला परत दिली.

"मग त्यांनी वस्तीपाशी गाडी थांबवली. तिथं एका घरी उतरवून त्या आजींना सांगितलं, हिला सोडा. त्या म्हणाल्या, थांब, नातू येऊ दे, मोटरसायकलवर सोडतो. मी म्हटलं, नको, फक्त रस्ता सांगा. रस्ता तर एकच होता, आबा. सरळ."

"भ्यायलीस का?"

तिनं थोडा विचार केला. "गाडी सुरू झाली तेव्हा. आणि एका ठिकाणी कुत्री होती, तेव्हा काडी घेतली. मग बाकीचा वेळ नाही. बाकीचा वेळ मजा आली. म्हणजे मजा नाही. मला सांगता येत नाही."

मला समजलं ती काय म्हणते ते. मलाही सांगता आलं नसतं.

मग मी तिला सांगितलं की तुझ्या आईला मी, तू पोचलीस म्हणून सांगितलंय. मला वाटलं, ती म्हणेल, बरं केलंत. तिच्याच भल्यासाठी केलं होतं.

ती माझ्याकडं बघत राहिली. "खोटं का बोललात?"

"न्हाईतर तुझं येणं बंद झालं असतं, बाई."

"पण मी कुठं चुकले होते? मी चुकले असते तर लपवायचं ना. आता त्यांना वाटेल की मी चुकले आणि आपण लपवलं."

सत्तरी पार केलेल्या माणसाला अकरा वर्षांच्या पोरीनं गप्प केलं, रस्त्याच्या मोरीवर बसवून. मला राग आला नाही. रागाच्या जागी दुसरंच काहीतरी आलं, देवळात गाभाऱ्यापुढं पायरीवर येतं तसं. मी फोन काढून तिच्या हातात दिला.

तिनं बापाला सगळं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही. माझं डायव्हरला भेटणं सांगितलं, तुरीत लपणं मी तिला सांगितलं होतं तेही सांगितलं, कुत्रीही सांगितली. ती मी गाळली असती. मग तिनं फोन मला दिला.

"दादा, तुम्ही खोटं बोललात," मुलगा म्हणाला.

"बोललो."

"तुम्ही."

"हाव, मी. आता काय करतोस ते कर. पण तिचं काही चुकलं न्हाई. जे चुकलं ते माझं."

हे मी बोललो आणि मलाच कानावर विश्वास बसला नाही. माझ्या मुलानं हे वाक्य माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

तो म्हणाला, "रविवारी मी गाडी घेऊन येतो तिला न्यायला. बस झालं." आणि मला वाटलं, संपलं. पण मागं सूनबाईचा आवाज आला. ती मोठ्यांदा बोलत नाही, तरी मला ऐकू आलं. "कशाला जाताय? सगळ्यांनी तिला अडवलं आणि ती एकटीच नीट वागली. आता तिलाच शिक्षा का? मी तिच्याएवढी असताना उदगीरच्या स्टेशनावरून एकटी मावशीकडं जायची, डाळीचं गाठोडं घेऊन. माझी आई कधी फाटकाला उभी राहिली नाही. हे मी कशी विसरले, मलाच कळंना."

मग बराच वेळ त्या दोघांचं आपापसात चाललं. फोन चालू होता, त्यांना भान नव्हतं. नात कठड्यावर पाय हलवत बसली होती आणि कान माझ्या फोनकडं. शेवटी मुलगा मला म्हणाला, "येऊ द्या तिला एकटीला. पण दादा, ह्यावेळी कुणाला काही सांगायचं नाही. डायव्हरला नाही, कंडक्टरला नाही. सांगितलं की घोटाळा होतो."

हे तो मला सांगत होता. मी म्हणालो, "हाव."

त्यानंतर तो माझ्याशी चार दिवस नीट बोलला नाही. बापाचाच मुलगा.

ती नऊ दिवस राहिली. त्या नऊ दिवसांत ती पिठाच्या गिरणीवर गेली, नदीवर गेली, शेजारच्या रानात म्हशीमागं गेली, आणि मी विचारलं नाही कुठं होतीस. विचारायचं तोंडावर यायचं, पण गिळून टाकायचो. ती आपणहून सांगायची, कधी नाही सांगायची. नाही सांगितलं की मला रात्री झोप लागायची नाही, आणि तरी सकाळी तिला बघितलं की वाटायचं, हिच्याकडं असं काहीतरी आहे जे माझ्याकडं नाही, आणि ते तिचं तिनं मिळवलंय.

लातूरला जायची एक गाडी दुपारीही असते. जायच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर तिनं दप्तर पाठीवर घेतलं, आजीच्या पाया पडली, माझ्या पडली. म्हणाली, "आबा, येते."

"ये."

ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. मी ओट्यावर बसलो. हातात काही नव्हतं, हाताला कळेना काय करावं. म्हातारी दारात तूर निवडत होती, माझ्याकडं बघत नव्हती आणि माझ्याकडंच बघत होती. अर्ध्या तासानं फाट्याकडून गाडीचा आवाज आला. वाऱ्यावर येतो तो आमच्या घरापर्यंत. थांबल्याचा आला, मग थोडा वेळ काहीच नाही, मग निघाल्याचा. ती चढली का, जागा मिळाली का, खिडकीपाशी बसली का, ते त्या आवाजातून कळायला मार्ग नव्हता. आवाज लांब गेला, बारीक झाला.

"उठू नका," म्हातारी म्हणाली.

"उठलो कुठं?" मी म्हणालो, आणि बसून राहिलो.